किणी सरांच्या आत्म्याला शांती

ऑगस्टीन किणी सर मेले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात खुद्द सरांनाच मधूनमधून त्याचा विसर पडत होता.

अंधेरी पूर्वेला मेट्रोच्या खांबांच्या आणि काचेच्या ऑफिसांच्या मागे आमचं गावठाण आहे. गल्ली इतकी अरुंद की रिक्षा आत आली तर उलटीच बाहेर काढावी लागते. तिथे सरांचं बैठं घर, आणि त्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू. मी सुगंधा तावडे, मूळची कणकवलीकडची. लग्न होऊन इथे आले आणि इथलीच झाले. डबे करते, त्यामुळे माझं स्वयंपाकघर सकाळपासून पेटलेलं असतं आणि सरांना बसायला ती जागा बरी वाटते.

सर ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती, घरात मराठीच बोलणारे. चर्चच्या शाळेत ते मराठी शिकवायचे. त्या शाळेचे मराठी वर्ग बंद झाले त्याच वर्षी सर रिटायर झाले. "शाळा आणि मी एकदमच निकालात निघालो," असं म्हणून स्वतःच हसतात. बायको व्हॅलेन्सिया माझी मैत्रीण होती. ती गेली, मूल नव्हतं, आणि घरात सर आणि शब्द एवढेच उरले. कुठला शब्द कुठून आला, हे शोधणं हा त्यांचा छंद. मूलबाळ नाही म्हणून मुळं खणत बसतात, असं माझा नवरा म्हणतो. तो तोंडाने फाटका आहे, पण सरांना ते ऐकवलं तेव्हा सर खूश झाले आणि 'मूल' आणि 'मूळ' यांवर अर्धा तास बोलले. माझी भाजी लागली.

पितृपक्षात आमच्याकडे म्हाळ असतो तेव्हा सर जेवायला असतातच. "म्हाळ म्हणजे महालय," ते वडे मोडता मोडता सांगतात. "आणि श्राद्ध श्रद्धेवरून. श्रद्धेने द्यायचं ते."

"आमच्यात म्हाळ म्हणजे वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार," मी म्हणते. "ते श्रद्धेने वाढलंय, जेवा."

त्यांच्यात मृतांचा महिना नोव्हेंबर. दोन तारखेला संध्याकाळी सिमेट्रीत प्रार्थना असते. आदल्या दिवसापासून लोक कबरी धुतात, चुना मारतात, झेंडूच्या माळा आणि मेणबत्त्या घेऊन येतात. मी दरवर्षी सरांबरोबर जाते. एक तर व्हॅलेन्सियासाठी, आणि दुसरं म्हणजे वाऱ्यात मेणबत्ती लावणं सरांना एकट्याला जमत नाही. एकाने लावायची, एकाने हाताचा आडोसा धरायचा.

तिथला रिवाज असा की ज्याला त्याला आपल्या माणसांची नावं चर्चच्या ऑफिसात आधी देऊन ठेवायची. मग प्रार्थनेच्या वेळी ती माइकवरून वाचतात आणि सगळे त्या सगळ्यांसाठी प्रार्थना करतात. गेल्या नोव्हेंबरात आम्ही भाड्याच्या प्लास्टिक खुर्च्यांवर बसलो होतो. नावं सुरू झाली आणि सरांना राहवेना.

"ही यादी ऐकतेस ना? यादीसुद्धा यादवरूनच आलीय," ते माझ्या कानाशी कुजबुजले. "फारसी. आठवण राहावी म्हणून केलेली ती यादी. तुझी वाण्याची यादीसुद्धा."

"त्यात साबण विसरतेच मी," मी म्हटलं. पुढच्या बाईने मागे वळून डोळे मोठे केले.

नावं वाचायला नेव्हिल होता. तिशीचा मुलगा, लग्नानंतर बोरिवलीहून आमच्या बाजूला राहायला आलेला, नुकताच चर्चच्या कामाला लागलेला. आवाज छान, पण गावठाणातली माणसं त्याच्या ओळखीची नाहीत. त्याने व्हॅलेन्सिया किणी वाचलं, ॲलन आल्मेडा वाचलं. ही दोन्ही नावं सरांनी दिलेली. ॲलन हा सरांचा जुना मित्र, त्याचंही नाव सर दरवर्षी देतात. सरांनी दोन्ही वेळा कपाळाला हात लावून क्रूस केला. मग बरीच नावं झाली आणि पुन्हा आलं, ॲलन आल्मेडा.

"दोनदा वाचलं," सर पुटपुटले.

आणि त्याच्या पाठोपाठ नेव्हिलने स्वच्छ आवाजात वाचलं, "ऑगस्टीन किणी."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागून एक जण ओरडला, "अरे ए नेव्हिल, सर इथे बसलेत ना!" सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. नेव्हिलने कागद उलटसुलट करून बघितला. फादरना खोकला आला. तेवढ्यात सर सावकाश उभे राहिले आणि वर्गात हजेरीला पोरं म्हणतात तसं म्हणाले, "हजर."

सिमेट्रीत एवढं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. नंतर जो तो येऊन सरांचा हात हातात घेत होता. "सर, आयुष्य वाढलं तुमचं!" मेल्याची खोटी बातमी उठली की माणूस जास्त जगतो, हे त्यांच्यातही म्हणतात आणि आमच्यातही. सर सगळ्यांना हसून मान डोलावत होते. मला वाटलं, झालं, वर्षभर पुरेल एवढा विनोद मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक तिंबत होते. सर आले, नेहमीच्या स्टुलावर बसले, पण कुठला शब्द आणला नव्हता.

"सुगंधा, ते नाव कुणीतरी दिलं असेल ना?"

"दुसरा कोणी ऑगस्टीन असेल हो सर. तुमच्यात दहा घरांत सहा ऑगस्टीन."

"ऑगस्टीन असतील. किणी मी एकटाच उरलोय इथे." ते थोडा वेळ पिठाकडे बघत राहिले. "म्हणजे कुणीतरी ऑफिसात आलं, माझं नाव सांगितलं. माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणालं. आठवणं या शब्दात 'स्था' आहे असं सांगतात जाणकार. स्थापना म्हणतो त्यातला. जागेवर आणून ठेवणं. कुणीतरी मला मनातल्या मनात एका जागेवर ठेवलंय, आणि मला माहीतही नाही कोण."

बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता. बायको गेल्यापासून मी तो चेहरा असा पाहिला नव्हता. आणि मला एकदम वाईट वाटलं. चूक झाली म्हणून हा माणूस रागावला नव्हता. कुणाला तरी आपली आठवण आहे, याच आनंदात होता. मग ते माणूस आपल्याला मेलेला समजेना का.

"मला फक्त कोण ते कळायला हवं," ते म्हणाले. "बाकी काही नको."

आम्ही नेव्हिलकडे गेलो. तो आम्हाला बघताच हात जोडायला लागला. सरांनी त्याला बसवलं, पाणी प्यायला लावलं. मग त्याने सांगितलं, की ऑक्टोबरच्या शेवटी एक बाई आली होती. दोन नावं दिली. एक तिच्या डॅडींचं आणि एक गॉडफादरचं.

"म्हणाली, डॅडींचं कसंही वाचा, चालेल. पण गॉडफादरचं नीट वाचा. ते मराठीचे मास्तर होते, उच्चार चुकलेला त्यांना चालायचा नाही. म्हणून मी घरी प्रॅक्टिस केली होती, सर."

"चांगला केलास उच्चार," सर म्हणाले.

"तिला त्या दिवशी यायला जमणार नव्हतं, म्हणून रेकॉर्ड करून पाठवा म्हणाली. नंबर आहे माझ्याकडे." नेव्हिलने फोन पुढे केला. जॅकलिन, नाहूर, असं नाव सेव्ह केलेलं होतं. "अजून पाठवलं नाहीये, सर. मागे सगळे हसतायत ना त्यात."

सरांनी फोनला हात लावला नाही. नंबर मी घेतला. घरी येईपर्यंत सर एक शब्द बोलले नाहीत, आणि आमच्या गल्लीत हे सोपं नाही, कारण दर चार पावलांवर कुणीतरी "आयुष्य वाढलं!" म्हणत होतं.

माझ्या स्वयंपाकघरात बसल्यावर त्यांनी सांगितलं. ॲलन त्यांच्याच शाळेत गणित शिकवायचा, मागच्याच गल्लीत राहायचा. जॅकलिन त्याची एकुलती एक. बाप्तिस्म्याच्या वेळी सरांनी तिला हातावर घेतलं होतं. तेच तिचे गॉडफादर. त्यांच्यात गॉडफादर म्हणजे नुसता मान नव्हे. बाप गेला तर बापाच्या जागी उभं राहायचं, असा त्याचा अर्थ. आणि बाप गेला. पोरगी तिसरीत असताना ॲलन तापाचं निमित्त होऊन आठवड्यात आटोपला. बायको एमिलिया पोरीला घेऊन नाहूरला भावाकडे राहायला गेली. सरांनी कबरीपाशी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, दर रविवारी येईन, पोरीला मराठी शिकवीन.

"मग?"

"काही रविवार गेलो. मग सहामाहीचे पेपर आले. मग व्हॅलेन्सियाचं ऑपरेशन. मग इतके रविवार चुकले, की आता कुठल्या तोंडाने जायचं असं झालं." ते स्टुलावर पुढे मागे झुलत होते. "आठवण रोज यायची गं. जायचं तेवढं राहिलं."

खरं सांगते, मला त्यांचा संताप आला. एवढे शब्द खणून काढणारा माणूस, ॲलनचं नाव दरवर्षी न चुकता चर्चमध्ये देणारा, आणि ॲलनची जिवंत पोरगी नाहूरला होती. नाहूर काय लंडनला आहे? पण त्यांच्याकडे बघून तोंडातलं तोंडातच ठेवलं. ते आधीच एवढेसे झाले होते.

"मी मेलो असं तिला कुणी सांगितलं असेल?" सर म्हणाले.

"फोन करा आणि विचारा."

"मेलेल्या माणसाने फोन कसा करायचा?" विनोद करायला गेले पण जमला नाही. मग हळूच म्हणाले, "सुगंधा, माझ्यासाठी देवाकडे मागणारं जगात एकच माणूस आहे. आणि ते मी मेलोय म्हणून मागतं. मी जिवंत आहे म्हटलं की तेही संपलं."

"मगे काय, मेलेलेच रवतलात?" माझा पारा चढला की मालवणी आपोआप येते. सर उठून आपल्या दारात जाऊन बसले आणि दिवेलागण झाली तरी दिवा लावला नाही.

तो आठवडा वाईट गेला. सर येत, चहा घेत, जात. एकदा फक्त म्हणाले, की सय हा शब्द स्मृतीचाच आहे, तोंडातोंडी झिजून झिजून एवढासा राहिलेला. मी "बरं" म्हटलं. शनिवारी मात्र मला राहवेना. डब्यांची गडबड आटोपली आणि मी त्यांना न विचारता फोन लावला.

"मी ऑगस्टीन सरांच्या घरून बोलतेय," मी म्हटलं आणि पुढे काय बोलायचं ते सुचेना.

"ओ माय गॉड," पलीकडून आवाज आला. "अंकलच्या घरी अजून कोणी आहे? मला वाटलं ते गेल्यावर घर बंद झालं असेल. तुम्ही कोण त्यांच्या?"

"शेजारी. भेटायचं होतं तुम्हाला."

"या ना, प्लीज या. उद्याच या. मी एकटीच असते, नवरा शिपवर आहे. अंकलबद्दल कुणाशी बोलायला मिळालं तर मला एवढं बरं वाटेल ना!"

आता हिला फोनवर काय सांगणार? मी "येते" म्हणून ठेवून दिला.

सरांना सांगितलं तेव्हा ते रागावतील असं वाटलं होतं. ते उठले आणि कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांच्या खिशात लिमलेटच्या गोळ्यांची पुडी होती. "तिला आवडायच्या," म्हणाले. ती आता चाळिशीची बाई आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी पुडी खिशातच ठेवली.

घरापासूनच रिक्षा केली, पवईमार्गे. रस्ता खोदलेला, रविवार असूनही गाड्या तुंबलेल्या. सर भीतीने बडबडत होते. "विसर हा शब्द बघ. 'वि' आणि 'स्मरण'. म्हणजे विसरण्याच्या पोटातसुद्धा स्मरणच आहे. आणि आमच्या धर्मात ज्यांना मार्टिर म्हणतात, त्याचा अर्थ साक्षीदार. काही पंडित म्हणतात, तोही स्मरणाच्याच घराण्यातला. ज्याच्या लक्षात आहे तो साक्षीला येतो."

"सर, तिच्यासमोर हे नका काढू."

"नाही काढत," ते म्हणाले आणि कांजूरमार्गपर्यंत गप्प बसले.

जॅकलिनचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर सरांना धाप लागली. "तू पुढे हो. आधी तू सांग. एकदम मला बघून घाबरेल ती." मलाही ते पटलं. ते वरच्या पायऱ्यांवर दाराच्या आडोशाला टेकले आणि मी बेल वाजवली.

जॅकलिन ठेंगणी, चष्मेवाली, हसऱ्या तोंडाची. तिने मला हाताला धरून आत नेलं. दार उघडंच राहिलं. समोरच्या भिंतीवर छोटा दिवा जळत होता आणि वर तीन फोटो, तिन्हींना कापडी फुलांचे हार. एक ॲलनचा असणार. एक बाई, म्हणजे एमिलिया. आणि तिसरा एका कुरळ्या केसांच्या तरुणाचा, पांढऱ्या झबल्यातलं बाळ हातावर घेतलेला, बाळापेक्षा तोच जास्त घाबरलेला.

"हेच अंकल," ती म्हणाली. "मम्मी जूनमध्ये गेली. मग मी ठरवलं, या वर्षी प्रत्येकाचं नाव त्याच्या त्याच्या चर्चमध्ये द्यायचं. डॅडींचं आणि अंकलचं तुमच्याकडे. इतकी वर्षं इथेच देत होतो, मम्मी आणि मी."

मला सांगायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण तिने पाणी आणलं आणि बोलतच सुटली. जणू कुणीतरी विचारायची वाटच बघत होती.

"मला तसे फार नाही आठवत ते. पण प्रत्येक शब्द कुठून आला ते सांगायचे. माझं नावसुद्धा सांगितलं होतं. जॅकलिन म्हणे याकोबवरून. तो भावाची टाच धरून जन्माला आला. म्हणाले, तूही कुणाची टाच सोडू नकोस." ती हसली. "ते दर रविवारी यायचे. मग यायचे बंद झाले, तरी मी खिडकीत बसायची. वही घेऊन. मम्मी म्हणायची जेवून घे, मी म्हणायची अंकल येऊ देत. खूप रविवार बसले मी तशी. मग एका रविवारी मम्मी माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, जॅकी, अंकल देवाघरी गेले. मी खूप रडले. पण नंतर बरं वाटलं, माहितीये? म्हणजे ते मला विसरले नव्हते. वारले होते बिचारे."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. जिन्यावर काही हालचाल नव्हती. हे सगळं सर ऐकत होते, हे मला माहीत होतं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"जॅकी," दारातून आवाज आला.

ती वळली. दारात एक म्हातारा भिंतीला हात लावून उभा होता. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग भिंतीवरच्या फोटोकडे. केस गेले होते, खांदे गेले होते, पण डोळे तेच घाबरलेले होते. ती खुर्चीत बसली.

"मी ऑगस्टीन अंकल," सर म्हणाले. "मी नाही मेलो."

खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, तिचं टिंव टिंव चालू होतं.

"मग कुठे होतात?" जॅकलिनने विचारलं. आरडाओरडा नाही, रडणं नाही. खरंच विचारत होती.

"अंधेरीला," सर म्हणाले.

एवढंच. दुसरं काय सांगणार होते? आजारी नव्हते, परदेशात नव्हते. अंधेरीला होते, त्याच घरात, त्याच गल्लीत. मी आयुष्यात खूप उत्तरं ऐकली, पण इतकं लाजिरवाणं आणि इतकं खरं उत्तर नाही ऐकलं.

"मम्मीला माहीत होतं," ती सावकाश म्हणाली. एकेक गोष्ट जुळवत होती. "तिला माहीत होतं तुम्ही जिवंत आहात. आणि तरी दर नोव्हेंबरला माझ्या शेजारी गुडघे टेकून तुमच्या नावाने मेणबत्ती लावायची. माझी मम्मी कधी खोटं बोलायची नाही, अंकल. वजनात पाव किलो भाजी जास्त आली तर परत द्यायला जायची. तुमच्यासाठी बोलली ती. मरेपर्यंत बोलली."

"माझी चूक झाली, बाळ."

"चर्चमध्ये कन्फर्मेशनचा विधी झाला, तेव्हा गॉडफादर म्हणून माझ्या मागे उभं राहायला कोणी नव्हतं. शाळेतल्या टीचर उभ्या राहिल्या. लग्नात पण. मी सगळ्यांना सांगायची, माझे गॉडफादर असते तर आले असते." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "तुम्ही मेलात म्हणून मी तुमच्यावर एकदाही रागावले नाही. आता काय करू मी?"

सर तसेच उभे होते. मी त्यांना बसा म्हणायला हवं होतं, पण घर माझं नव्हतं आणि जिचं होतं ती म्हणत नव्हती.

मग ती उठली. स्टुलावर चढून तिने तिसरा फोटो खाली काढला. हार काढला, पदराने काच पुसावी तशी ओढणीने पुसली. भिंतीवर त्या जागी रंग उजळ होता. फोटो कुठे ठेवावा हे तिला कळेना. तिने एकदा टेबलाकडे बघितलं, एकदा कपाटाकडे. शेवटी तो सरांच्या हातात दिला.

"हे घेऊन जा," ती म्हणाली. "ह्यांना मी ओळखते. तुम्हाला नाही ओळखत."

आम्ही खाली उतरलो. पहिल्या मजल्यावर सर पायरीवर बसले आणि तो फोटो छातीशी धरून हमसून हमसून रडले. वरून कुणी बघेल, कुणी ऐकेल, याची पर्वा केली नाही. मी शेजारी बसून राहिले. तोपर्यंत मी त्यांना कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी पाठीवर हात फिरवला. मला वाटत होतं, मीच हे सगळं केलं. फोन केला नसता तर त्यांना निदान प्रार्थना तरी मिळत राहिली असती.

त्यानंतरच्या आठवड्यात ते माझ्याकडे आले नाहीत. मीच डबा नेऊन द्यायची, तो अर्धा परत यायचा. रविवारी दुपारी मी भांडी घासत होते. बघते तर सर इस्त्रीचा शर्ट घालून गल्लीतून निघालेले. मी ओल्या हातांनी मागे धावले.

"मी येऊ?"

"नको," ते म्हणाले. "मला एकट्याने जायचं होतं ते."

"तिने दार नाही उघडलं तर?"

"तर पायरीवर बसेन. तीही बसली होतीच खिडकीत."

तो दिवस मला खायला उठला. संध्याकाळी सात वाजून गेले, आठ झाले. नवरा म्हणाला, म्हातारा नाहूरला हरवला. मी त्याच्यावर खेकसले. मग गल्लीच्या तोंडाशी सर दिसले, एकेक पाऊल टाकत येताना. मी दारातच उभी होते.

"उघडलं?"

"बऱ्याच वेळाने. पायरीवरच बसलो होतो. ती कचरा ठेवायला बाहेर आली तेव्हा दिसलो." ते माझ्या ओट्यावर टेकले. "मग दार उघडंच ठेवून आत गेली. मी जाऊन बसलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. बोलली नाही. मीही नाही बोललो."

"पाणी तरी विचारलं?"

"नाही."

मला तिचा राग येईना आणि सरांची कीवही करवेना. मी चहाचं आधण ठेवायला वळले.

"निघताना म्हणाली," सर मागून बोलले. मी वळून बघितलं. "म्हणाली, पुढच्या रविवारी दुपारी मी घरी नसेन. संध्याकाळी या."